स्टेशन मास्तरांचा काळा पडदा

दौंडला आम्ही ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, ते आमचे घरमालक फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नसत. आधी स्वतःचा ठिकाणा सांगत, मग समोरच्याचा विचारत, आणि समोरचा जे बोलेल ते सगळे परत म्हणून दाखवत. फोन नसला तरी फरक पडत नसे. "टाकीत पाणी आलं का?" असे मी जिन्यावरून विचारले, की खालून आवाज येई, "टाकीत पाणी आलं का, असं विचारलंय. आलं हाय. बरोबर?" मी "बरोबर" म्हणेपर्यंत ते जिन्याखालून हलत नसत.

ते रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. मूळ गाव केंदूर. भाऊ तिथे शेती करत. घरातून रेल्वेत गेलेले हे एकटेच, आणि निवृत्तीनंतर ते रेल्वेतून पुरते परत आले असे मला कधी वाटले नाही.

तुमच्या आजोबांची बँकेतली शेवटची बदली दौंडला झाली, तेव्हा मी शिरूरच्या शाळेत इंग्रजी शिकवून नुकतीच मोकळी झाले होते. तुम्ही दोघे तेव्हा इतके लहान होता की फोनवर फक्त कपाळ दाखवायचात. दौंडमधली आमची ती काही वर्षे तुमच्यापर्यंत पोचलीच नाहीत, म्हणून या गृहस्थांबद्दल लिहून ठेवते आहे.

त्यांचे घर गाड्यांवर चाले. सकाळची एक पॅसेंजर सुटल्याशिवाय ते अंघोळीला जात नसत आणि दुपारची एक एक्स्प्रेस गेल्याशिवाय जेवायला बसत नसत. गाडी उशिरा, तर जेवण उशिरा. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, खुटबावच्या. बोलायला मोकळ्या. त्या म्हणत, "गाडी अडकती तिकडं मनमाडला आन् भाकरी गार होती माझी."

यावर त्यांनी उपाय केला. बाहेरच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर होता. त्यावर कुठली गाडी कुठवर आली ते दिसे. तिथून भिंतीला भोक पाडून त्यांनी एक लांब वायर स्वयंपाकघरात नेली आणि तिथल्या टीव्हीला जोडली. बाहेर जे दिसेल तेच आत दिसायचे, म्हणजे तवा कधी ठेवायचा ते काकूंना आपोआप कळेल. काकू दिवसातून एकदा तिकडे बघत, आणि उरलेला वेळ रिमोट दाबून मालिका लावत.

रेल्वेत दोन स्टेशने फोनवर एकमेकांना गाडी सोडायची परवानगी देतात, तेव्हा परवानगीबरोबर एक आकडाही सांगतात. पुढे काही झाले तर 'मी असे म्हणालोच नव्हतो' असे कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. मला हे कळले ते गॅसच्या सिलेंडरमुळे. "मी बाजारात चालले आहे, सिलेंडर आला तर घेऊन ठेवा," असे मी एकदा सांगितले, तर ते म्हणाले, "प्रायव्हेट नंबर द्या." मी घाबरून बँकेच्या कार्डाचा आकडा आठवू लागले. नंतर सवय झाली. मनाला येईल तो आकडा मी सांगे, ते गंभीरपणे मान हलवत, आणि सिलेंडर घेतला जाई.

त्यांचे नियम पुष्कळ होते, पण दोन पक्के. पहिला असा की दिवा गेलेला सिग्नल हा लाल सिग्नल समजायचा. म्हणजे सिग्नलवर हिरवा, पिवळा, लाल काहीच दिसत नसेल, तर गाडी थांबवायची आणि अधिकाऱ्याने सांगितल्याशिवाय हलवायची नाही. रेल्वेत हा नियम शहाणपणाचाच आहे. पण ते एकदा आजोबांना स्कूटरवर मागे बसवून शिरूरला घेऊन गेले होते. तिथे हायवेच्या चौकातला सिग्नल बंद होता. कित्येक दिवस बंदच होता. सगळी वाहने आपापली वाट काढत होती. आमच्या घरमालकांनी स्कूटर थांबवली, इंजिन बंद केले आणि दोन्ही पाय टेकून उभे राहिले. मागे उसाचा ट्रॅक्टर, त्यामागे दुधाची गाडी, त्यामागे बस.

"अहो आबा, सिग्नल बंद हाय, चला की!" ट्रॅक्टरवाला ओरडला.

"बंद हाय म्हणूनच थांबलोय," हे म्हणाले.

शेवटी पलीकडून एक वाहतूक पोलीस आला आणि त्याने हात करून त्यांना जायला सांगितले. यांनी त्याचे नाव विचारले, धन्यवाद दिले आणि मगच स्कूटर सुरू केली. आजोबा परत आले ते एस.टी.ने.

दुसरा नियम, एका वेळी एकच फॉल्ट. दोन बिघाड असतील तर एक हातात घ्यायचा, तो संपेपर्यंत दुसऱ्याचे नावसुद्धा काढायचे नाही. एकदा नळ गळत असताना काकूंनी पंखा कुरकुरतोय असे सांगितले, तर त्यांनी कानांवर हात ठेवले होते. मी स्वतः पाहिले आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. शेजारच्या घरात एक शिंप्याचे कुटुंब होते, पिढ्यान्‌पिढ्या दौंडातले. त्यांची मुलगी रेश्मा नर्स होती. गावातल्या एका छोट्या दवाखान्यात नोकरी करत होती. तिच्या वडिलांची नजर अधू झाली होती, सुईत दोरा ओवता येत नव्हता, त्यामुळे घर तिच्या पगारावर चाले. आणि तो दवाखाना बंद होणार होता, कारण डॉक्टर मुलाकडे राहायला निघाले होते.

रेश्मा कामाला चोख होती. आजोबांना ताप आला तेव्हा तिने इंजेक्शन दिले ते त्यांना कळलेही नाही. पण मुलाखतीला बसली की तिची वाचा जाई. पुण्यात दोन ठिकाणी जाऊन ती नुसती घाम पुसून परत आली होती. "समोर माणसं अशी रोखून बघतात ना बाई, की मला माझं नावपण आठवत नाही," ती मला म्हणाली. मी तिच्याकडून इंग्रजी उत्तरे पाठ करून घेत होते. माझ्यासमोर ती झकास बोले, कारण मी भाजी निवडत खाली बघत असे.

तिसरी मुलाखत पुण्यातल्याच एका मोठ्या रुग्णालयाची आली, आणि ती कॉम्प्युटरवर होणार होती. मोबाइलवरून चालणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले होते. वार निघाला गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज जाई. बाजारातली कॉम्प्युटरची दुकाने बंद. अख्ख्या आळीत इन्व्हर्टर एकाच घरी, आमच्या घरमालकांकडे.

"माझ्या घरनं जाईल तुझी गाडी," ते रेश्माला म्हणाले. "काळजी करू नगंस."

इथवर सगळे ठीक होते. पण त्यांच्या नोकरीत, कुणी मोठा माणूस स्पेशल गाडीने जाणार असला की आदल्या दिवशी सगळी लाइन तपासून, दुरुस्त करून ठेवायची पद्धत होती. त्यामुळे बुधवारी दुपारी त्यांनी कॉम्प्युटरमधली चांगली चालणारी जुनी सिस्टिम काढली आणि नवी घातली. ती एका पेन ड्राइव्हवर कुणीतरी दिलेली त्यांच्याकडे होतीच. संध्याकाळपर्यंत काम झाले. कॉम्प्युटर एकदा स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पडद्यावर सिग्नल नाही अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द आले, आणि मग तेही गेले. पडदा काळा झाला. कॉम्प्युटरच्या डब्यात पंखा फिरत होता, डब्यावरचा बारीक दिवा लुकलुकत होता, पडद्यावर मात्र काही नाही.

आता तुमच्यासारखे कुणी असते तर चार बटणे दाबून पाहिली असती. यांनी पडद्यासमोर खुर्ची आडवी ठेवली आणि जाहीर केले, "दिवा गेलाय. कुणी हात लावायचा न्हाई." काळा पडदा म्हणजे लाल सिग्नल. सिग्नल लाल असला की थांबायचे. ते थांबले. रात्रीचे जेवण पडद्याकडे बघत केले.

त्याच संध्याकाळी काकूंनी आतून सांगितले होते, "अवो, टीव्हीवर कसलं तरी फुलाचं चित्र आलंय, जातच न्हाई."

"एका वेळी एकच फॉल्ट," ते म्हणाले.

काकूंनी रिमोट घेतला आणि मालिका लावली.

गुरुवारी सकाळी रेश्मा इस्त्रीचा ड्रेस घालून, कागदपत्रे घेऊन आली. मी तिच्याबरोबर होते. पडदा काळाच. घरमालकांनी तोवर थांबण्याचा टप्पा पार करून तपासणीचा टप्पा सुरू केला होता. पडद्याची वायर काढून पुसून परत लावली होती. डबा उघडून आतली धूळ झटकली होती. आता ते माउस टेबलावर आपटत होते.

"काका, वेळ होत आली," रेश्मा म्हणाली.

"वेळ होत आली असं सांगितलंय. बरोबर," ते म्हणाले आणि माउस पुन्हा आपटला.

रेश्माच्या तोंडचे पाणी पळाले होते. ती कुणाला दोष देत नव्हती, नुसती कागदपत्रे पुन्हा पुन्हा सरळ करत होती. तिसऱ्यांदा असे झाले तर चौथे बोलावणे येणार नाही, हे तिला ठाऊक होते आणि मलाही. मी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले.

काकू भाकरीचे पीठ मळत होत्या. टीव्ही सुरू होता, कारण इन्व्हर्टरवर आणखी काही नसले तरी चालेल पण टीव्ही पाहिजे, असे त्यांनी वायरमनला सांगून ठेवले होते.

"बाई, गंमत बघा," त्या म्हणाल्या. "त्यो बाण. ह्यांनी तिकडं आदळआपट केली का हितं नाचतो."

मी वर बघितले. टीव्हीवर मोठे फूल होते आणि त्या फुलावर एक पांढरा बाण थरथरत होता. बाहेरून माउस आपटल्याचा आवाज आला. बाण उडी मारून कोपऱ्यात गेला.

कॉम्प्युटर बिघडलेला नव्हताच. नव्या सिस्टिमने आपले चित्र बाहेरच्या पडद्याऐवजी त्या लांब वायरीने स्वयंपाकघरात पाठवले होते. काल संध्याकाळपासून ते तिथेच, काकूंच्या डोक्यावर होते.

मी हे बाहेर जाऊन सांगितले. त्यांनी माउस खाली ठेवला. मग म्हणाले, "मला कुणी रिपोर्ट केलं न्हाई."

"केलं व्हतं!" आतून आवाज आला. "फॉल्ट एकच पायजे म्हणालात."

टीव्ही भिंतीला स्क्रूने बसवलेला होता. कॉम्प्युटर आत न्यावा, तर आतल्या खोलीत इन्व्हर्टरचा एकच प्लग, तोही टीव्हीला, आणि तो काढला तर चित्रच जाणार. शिवाय वेळ नव्हता. घरमालकांनी दोन्ही खोल्यांच्या मध्ये उभे राहून विचार केला आणि हुकूम दिले. रेश्मा बाहेर, काळ्या पडद्यासमोर बसेल, कारण कॅमेरा आणि माइक तिथे आहेत. ते स्वतः तिच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही असे, स्टुलावर माउस घेऊन बसतील. मला इंग्रजी वाचता येते म्हणून मी आत टीव्हीसमोर. मी सांगेन तसा माउस ते हलवतील.

"उजवीकडे," मी आतून ओरडले.

"उजवीकडे," बाहेरून आले.

"जरा वर. थोडं अजून. जास्त झालं."

"जास्त झालं. कुठं जास्त झालं? वर का उजवीकडं?"

"वर!"

"वर जास्त झालं. खाली घेतो."

असे करत आम्ही मुलाखतीच्या दारापर्यंत पोचलो. आत जायचे शेवटचे बटण समोर आले. "दाबा," मी म्हणाले.

टीव्हीवर काहीच बदलले नाही.

"दाबा ना!"

"प्रायव्हेट नंबर?"

"बेचाळीस!" मी ओरडले.

त्यांनी दाबले.

टीव्हीवर तीन माणसे आली. दोन पुरुष आणि मधोमध एक बाई. त्या बाईंच्या कपाळावरच्या आठ्या बघून मीसुद्धा पदर सावरला, आणि मी तर त्यांना दिसतही नव्हते. काकूंनी कुकरखालचा गॅस बंद केला, शिट्टी ऐकू जाऊ नये म्हणून.

बाहेर रेश्मासमोर फक्त काळी काच होती. स्पीकरमधून आवाज येत होते, तोंडे नव्हती. पहिल्या प्रश्नाला ती अडखळली. दुसऱ्याला तिने माझ्याबरोबर पाठ केलेले उत्तर दिले. तिसरा प्रश्न त्या बाईंनी विचारला, पेशंटचा नातेवाईक अंगावर धावून आला तर काय कराल, आणि तिथे रेश्मा पाठ केलेले सोडून स्वतःचे बोलायला लागली. निम्मे इंग्रजी, निम्मे मराठी. दवाखान्यात एका म्हातारीचा मुलगा कसा भांडायला आला, तिने त्याच्या हातात पाण्याची बाटली देऊन आईचे पाय चेपायला कसे बसवले, हे तिने सांगितले. बाईंच्या आठ्या जशाच्या तशा होत्या. रेश्माला त्या दिसल्या असत्या तर बाटलीच्या आधीच तिचा आवाज बसला असता.

तेवढ्यात टीव्हीच्या कोपऱ्यात एक चौकट आली. नवी सिस्टिम पूर्ण बसवण्यासाठी कॉम्प्युटर आता बंद होऊन पुन्हा सुरू होईल, असे तीत लिहिले होते. खाली दोन बटणे, 'आत्ता' आणि 'नंतर'. आणि बाजूला उलटे मोजणारे आकडे.

मला ओरडता येईना. माइक सुरू होता. मी काकूंना खूण करून कानात सांगितले, "आत्ता बंद पडणार आहे सगळं. त्यांना थांबवायला हवं."

काकू उठल्या. पिठाच्या हातांनी तशाच दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात सरळ डोक्यावर धरले.

मला ते तेव्हा कळले नाही. जवळ झेंडा नसला की रेल्वेत धोक्याची खूण अशी करतात. काकूंनी उभे आयुष्य आडरानातल्या स्टेशनांच्या क्वार्टर्समध्ये काढले होते, आणि चुलीपुढून गाड्या बघताना त्यांना हे सगळे येत गेले होते. त्यांना कुणी शिकवले नव्हते आणि कुणी विचारलेही नव्हते. घरमालकांनी त्यांच्याकडे पाहिले. काकूंचे बोलणे ते क्वचितच पूर्ण ऐकत, पण डोक्यावर गेलेले ते दोन हात त्यांनी एका क्षणात मानले. पाठ ताठ झाली, हात माउसवर गेला.

मी आतून कुजबुजायची, उजवीकडे, खाली. काकू दारातून हाताने दाखवायच्या. ते बघायचे आणि माउस सरकवायचे. परत विचारणे नाही, परत म्हणून दाखवणे नाही. बाण चुकून 'आत्ता'वर जाऊन थांबला, तसे काकूंचे हात पुन्हा वर गेले, आणि स्टुलावरचा माणूस दगडासारखा थांबला. रेश्मा काळ्या काचेला सांगत होती की रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून ती काय करते. बाण हळूहळू 'नंतर'वर आला. मी मान हलवली. काकूंनी उजवा हात सपकन खाली आणला.

चौकट गेली. काकू आत येऊन पुन्हा पीठ मळायला बसल्या.

मुलाखत संपली. तिघे टीव्हीवरून गेले आणि फूल परत आले. बाहेर रेश्मा तशीच ताठ बसून होती. समोर आधीही काळे होते, आताही काळे, त्यामुळे संपले की नाही हे तिला कळायला मार्ग नव्हता. घरमालक तिला उठू देईनात. त्यांना आतून अधिकृत निरोप हवा होता.

"गेली सगळी!" काकू म्हणाल्या. "ऊठ पोरी, चा घे."

रेश्माने आत येऊन पहिला प्रश्न मला विचारला, "बाई, त्या मॅडम कशा होत्या हो? आवाजावरून प्रेमळ वाटल्या."

"छान होत्या," मी म्हणाले.

तिला नोकरी लागली. आठवड्या-दोन आठवड्यांनी पत्र आले, आणि ती पुण्याला राहायला जाण्याआधी पेढे घेऊन आली. मीही खालीच होते. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हते. काळ्या पडद्यावर काकूंच्या हातचा विणलेला रुमाल घातलेला होता. आम्ही आत गेलो. घरमालक स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. माउस आणि कीबोर्डच्या वायरी भिंतीच्या भोकातून आत ओढून घेतल्या होत्या. टीव्हीवर गाड्या दिसत होत्या. पुढ्यात ताट, आणि ताटात लसणाच्या पाकळ्या. ते एक पाकळी सोलायचे, एक गाडी बघायचे.

"काका, अजून पडदा दुरुस्त नाही केला?" रेश्मा म्हणाली. "माझा मामेभाऊ येऊन करून देईल. फक्त बटण दाबायचं असतं म्हणे."

"न्हाई," ते म्हणाले. "ज्या लायनीवरनं गाडी सुखरूप गेली, ती लाइन उकरायची न्हाई. नियम हाय."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा नियम मी ऐकला नव्हता. मुलाखतीच्या आदल्याच दिवशी चांगली लाइन उकरून ठेवणारा माणूस हा. म्हणून मी विचारले, "हा नियम कुणाचा?"

त्यांनी दुसरी पाकळी उचलली. लसणाची साल काढण्यात ते फार गुंतले होते.

"माझा," तव्यावरची भाकरी उलटत काकू म्हणाल्या. "आन् पाकळ्या अख्ख्या ठिवा म्हणावं, ठेचायच्या हायती."

"पाकळ्या अख्ख्या ठेवायच्या," ते म्हणाले. "बरोबर?"